सुताचा पाचवा हिस्सा

गल्ल्याच्या खणात, सुट्ट्या पैशांच्या डबीशेजारी, चार इंची काळा ॲल्युमिनियमचा ठोकळा पडलेला असतो. वरून खाचा, खालून पकड. काउंटरच्या काचेवर ठेवला तर सपाट दिसतो. वर पाणसळ ठेवली की बुडबुडा हळूच एका अंगाला जातो. मिस्त्री लोक हातात घेऊन बघतात आणि म्हणतात, "मालक, ह्याच्यात वाक हाय."

हाय. त्या वाकाचेच पैसे मोजले होते मी.

मानवतला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, फिटिंग, मोटारी, कपाशीच्या दिवसांत फवारणीचे पंप. आमच्याकडे अजून इंच आणि सूत चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच. नळवाला 'एक सूत कमी कर' म्हणतो तेव्हा त्याला तीन मिलिमीटरच्या आसपास म्हणायचं असतं. हा ठोकळा म्हणजे बंदुकीवर दुर्बीण बसवायचं माउंट, आणि तिथं सगळा खेळ सुताच्या पाचव्या हिश्श्याचा. ते कळायला मला दोन बंदुका, एक चेपलेली दुर्बीण आणि दीडेक वर्ष लागलं.

बंदूक म्हटल्यावर लगेच भुवया वर नकोत. छऱ्याची आहे. ०.१७७ इंची बोअर, म्हणजे नळीचं भोक, आणि ताकद २० जूलच्या आत. एवढ्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. माझा छर्रा ८.४ ग्रेनचा, सेकंदाला अडीचशे मीटरच्या वेगानं निघतो, म्हणजे १७ जूल. गावात मात्र पहिला प्रश्न ठरलेला: "रानडुकराला चालंल का?" दुसरा: "वानराला तरी?" दोन्हीला नाही. माझी नेमबाजी पत्र्याच्या चकत्या आणि कागद यांच्यापुरती. २०२४ साली कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य आणलं, तेव्हापासून तिसरा प्रश्न आला, "ऑलिम्पिकला कधी?" त्यांना कसं सांगावं, की त्या खेळात दुर्बीण चालतच नाही. तो पोरगा बारीक भोकातून पुढचं वर्तुळ बघत नेम धरतो. मी दुर्बीण लावून पत्रा वाजवतो. दोन्हीत तेवढंच अंतर आहे, जेवढं शास्त्रीय गाणं आणि न्हाणीतलं गाणं यांच्यात.

आता वाकाची गोष्ट. नळीतून निघालेला छर्रा पहिल्या क्षणापासून खाली पडायला लागतो. 'गोळी आधी वर चढते, मग उतरते' असं लोक सांगतात. ती चढते कारण आपण नळीचं तोंड नकळत वर धरलेलं असतं, गोळीला स्वतःची हौस नसते. दुर्बीण नळीच्या वर दीड-दोन इंचांवर बसलेली. तिची नजर सरळ, छऱ्याची वाट वाकडी. दोन्ही एका ठिकाणी गाठ पडाव्यात असं बसवणं म्हणजे झिरो करणं. माझा झिरो २५ मीटरला. तिथं जुळवून, काहीही न फिरवता ५० मीटरवर मारलं की छर्रा ११-१२ सेंटिमीटर खाली लागतो. १०० मीटरवर तोच मीटरभर खाली. अंतर दुप्पट, पडणं नऊपट. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं छर्रा हरवलाच. तो फळीच्या पायाशी मातीत सापडला.

मग दुर्बिणीवरचं वरचं बटण फिरवायचं. कट्‌ कट्‌ आवाज येतो, प्रत्येक क्लिकला पाव मिनिट. मिनिट म्हणजे घड्याळाचं नव्हे. अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २.९ सेंटिमीटर. पण बटण कितीही फिरत नाही. दुर्बिणीच्या नळीत आणखी एक लहान नळी असते, तीच वरखाली, डावीउजवी सरकते, आणि मोठ्या नळीच्या भिंतीला टेकली की संपलं. माझ्या दुर्बिणीची एक इंची नळी. वरून खाली सगळी मिळून ४० मिनिटं. मधोमध ठेवली तर वर २०, खाली २०. तुमच्या नावावर एवढीच जमीन. ती कुठं वापरायची हे आधी ठरवावं लागतं, आणि ठरवतो तो हा वाक. माउंटचा मागचा भाग, डोळ्याकडचा, किंचित उंच केला की दुर्बीण खाली बघते. मग नेम धरायला नळी आपोआप वर उचलावी लागते. जी उचल बटणानं द्यायची ती बसण्यातच मिळाली. बटणाची जमीन शिल्लक राहिली.

यात नवं काही नाही. थ्री-नॉट-थ्री रायफलीची मागची साईट आठवते? कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हा उस्ताद तिची पट्टी सरकवून दाखवायचे. आकडे २०० यार्डांपासून थेट २००० पर्यंत. मागची साईट उचलायची, नळी वर जाते. दुर्बिणीचं माउंट हीच युक्ती करतं, फक्त एकदाच आणि कायमची.

माझी पहिली बंदूक मोडायची होती, म्हणजे नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायची. तिच्यावर दुर्बीण बसवली आणि २५ मीटरवर छर्रे खालीच. बटण वर, आणखी वर, शेवटी टेकलं. २५ मीटरलाच सगळी जमीन संपली. वर झिरोही टिकेना. सकाळी जुळवलेला दुपारी हललेला. दुर्बीण खराब म्हणून मी विकणाऱ्याशी फोनवर भांडलोही. त्याचा काही दोष नव्हता. मोडणाऱ्या बंदुकीची नळी बिजागरावर बसते आणि बऱ्याचदा थोडी झुकलेली असते, नाक खाली. कारखान्यात लावलेल्या लोखंडी साईटी बहुधा मागचीपुढची दोन्ही त्या नळीवरच असतात, म्हणून नळी झुकली तरी त्यांना पत्ता लागत नाही. दुर्बीण मात्र मागच्या भागावर, न झुकणाऱ्या अंगावर. दोघींचं जमणार कसं? आणि बटण पार वर नेलं की आतल्या लहान नळीला दाबून धरणारी स्प्रिंग ढिली पडते, म्हणून झिरो तरंगत होता. वरून स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का मागेही आणि पुढेही. साधी दुर्बीण त्यात खिळखिळी होते.

त्यावर मी आपला दुकानदारी उपाय केला. शीतपेयाचा डबा कापला, पत्र्याच्या चार पट्ट्या करून दुर्बीण धरणाऱ्या मागच्या रिंगेखाली घातल्या. दोन रिंगांत तीन इंचांचं अंतर; मागं अर्ध्या मिलिमीटरच्या आत उचललं की २० मिनिटं मिळतात, तेवढी मिळालीही. आठ दिवस मी खूश. मग रिंगा उघडल्या तर दुर्बिणीच्या नळीवर दोन चंद्रकोरी उमटलेल्या. साहजिक आहे. एक रिंग उचलली, दुसरी जुन्याच पातळीत, मध्ये नळी पिळवटली. पाइपाला चुकीच्या कोनात कपलिंग घालून वर पाना आवळणाऱ्या गिऱ्हाइकाला मी रोज हसतो. असो.

नंतर दुसरी बंदूक घेतली, हवा भरायची. हातपंपानं भरताना दम निघतो, पण धक्का जवळजवळ नाही आणि नळी पक्की बसलेली, मोडायची भानगड नाही. वाकाचं माउंट घ्यायचंच हे ठरलेलं होतं. किती वाकाचं? २० मिनिटांचं मिळत होतं, ३० चं, ४० चं. पहिलीनं रडवलेलं ताजं होतं. रात्री हजार यार्डांवर लोखंडाच्या थाळ्या वाजवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघून डोकंही तापलेलं. ४० घेतलं. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं, हा आमच्या धंद्यातला नियम. शेतकऱ्याला तीनची मोटार पुरत असताना आम्ही पाचची सुचवतो.

बसवलं, पहिली गोळी २५ मीटरवर. साडेचार सेंटिमीटर वर लागली. बरं म्हटलं, खाली आणू. बटण खाली फिरवायला गेलो तर ते आधीच तळाला टेकलेलं. डावी-उजवीही फिरेना, कारण आतली नळी गोल भिंतीच्या बुडाशी जाऊन बसली की तिला बाजूलाही जागा राहत नाही. म्हणजे आधीच्या बंदुकीवर आभाळ संपलं होतं, या बंदुकीवर जमीन संपली. त्या व्यवस्थेत माझा जवळात जवळचा झिरो ४५ मीटरच्या अलीकडे येईना. रोजच्या सरावाचं अंतर २५.

त्याच वर्षी वेळ अमावस्येला आम्ही औशाकडे बहिणीच्या शेतात गेलो होतो. आमच्या मानवतकडे या सणाचा तेवढा जोर नाही. तिकडं लातुरात मात्र गाव ओस पडतं आणि सगळं जग रानात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, वर आंबील. दाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. जेवण झाल्यावर मी हळूच विषय काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आंबिलीचा तांब्या खाली ठेवला आणि विचारलं,

"पाव्हणं, तुमचं शेत किती लांब आहे?"

"बांधापासून विहिरीच्या मुरमाच्या ढिगापर्यंत शंभर-सव्वाशे मीटर."

"मग हजार यार्ड कुठनं आणले?"

मी गप्प. त्यांनी काडी घेऊन मातीत रेघा ओढल्या. .३०८ च्या मोठ्या रायफलीला १०० यार्डांच्या झिरोपासून हजार यार्डांवर जायला साधारण ४० मिनिटं चढवावी लागतात. दुर्बिणीत एकूण ६० असतील तर मधोमध बसवल्यावर वर ३०, दहा कमी. २० चा वाक दिला की वर ५०, खाली १०. हजार यार्डही गाठले आणि १०० चा झिरोही हातात राहिला. २० चा आकडा एवढा चालतो तो यासाठी. ४० चा वाक दिला असता तर त्यांनाही १०० वर झिरो करता आला नसता. "वाक वाढवला म्हणून रायफल लांब मारत नाही," दाजी म्हणाले, "तो नुसता खिशातला पैसा या खिशातनं त्या खिशात." मग ड्रॅगुनोव्ह या स्नायपर रायफलीची गोष्ट सांगितली. तिच्या दुर्बिणीचं बटण १००० मीटरपर्यंत. त्यापुढं जायचं तर बटण दहावर ठेवून काचेवरच्या नेमाच्या फुलीखालचे बाण वापरायचे, ११००, १२००, १३०० ला एकेक. बटण संपलं म्हणून काम थांबत नाही, काचेवरच्या खुणा असतात. ही गोष्ट मी गाठीला बांधली. तुमची दुर्बीण कितीची, झिरो कितीला, शेवटचं अंतर किती, हे तीन आकडे असल्याशिवाय वाकाचा चौथा आकडा विचारायचाच नाही, हे दाजींनी तोंडानं म्हटलं नाही. मातीतल्या रेघा तेच म्हणत होत्या.

निघताना ते एवढंच म्हणाले, "आणि उंच बाजू मागं आहे ना? उलटी बसवलेली लई बघितलीत." मी ठसक्यात हो म्हटलं. घरी आल्यावर गुपचूप जाऊन पाहिलं. मागंच होती.

हिशेब पावतीपुस्तकाच्या मागं मांडला. वाक नसता, तर २५ मीटरच्या झिरोलाच मधल्यापासून १४ मिनिटं वर जावं लागलं असतं. पुढं राहतात सहा, त्यात ५० मीटरही नीट होत नाही. ४० चा वाक असता २६ खाली यावं लागतं. खाली आहेत २०. हेच ते रखडलेलं बटण. २० चा वाक असेल तर फक्त सहा खाली, आणि वर २६ शिल्लक. ७५ मीटरला साधारण २० लागतात, १०० ला ३६. म्हणजे ऐंशी मीटरपर्यंत बटणावर, पुढं दहा मिनिटं काचेवरच्या टिंबांवर. एक टिंब साधारण साडेतीन मिनिटांचं, म्हणजे तीन टिंबं. कागदावर सुटलं म्हणजे रानात सुटतंच असं नाही, पण इथं सुटलं.

अण्णा बाजूला बसून बघत होते. अण्णा पाटबंधारे खात्यात खलाशी होते. समुद्र न पाहिलेले खलाशी; त्या खात्यात मोजणीचा गज धरून उभं राहणाऱ्या माणसाला हेच नाव. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, पैठणपासून आमच्या परभणीपर्यंत. त्यांची उमेदीची वर्षं त्याच्या काठाकाठानं गेली. साहेब तिवईवरच्या दुर्बिणीतून बघायचे, अण्णा लांब उन्हात आकड्यांचा गज उभा धरायचे. साहेबांनी हात डावीकडे हलवला की गज डावीकडे.

"काय करायलास रे?"

"उतार काढायलोय. अण्णा, ४० मिनिटं म्हणजे ८६ ला एक."

ते हसले. "हा तर न्हाणीचा उतार झाला. आणि तो दुसरा?"

"१७२ ला एक."

"तो पण लईच. कालव्याला हजारांवर एक असतो. एवढा दिला तर पाणी काठ घेऊन जाईल." मग जरा थांबून, "पण तुला पाणी थोडंच न्यायचंय."

२० चं माउंट आलं. चार इंचांत मागं-पुढं फरक ०.५९ मिलिमीटर. एटीएम कार्ड याहून जाड असतं. सूत घेतलं तर त्याचा पाचवा हिस्साही भरत नाही. ४० च्या ठोकळ्याशेजारी ठेवून कितीदा बघितलं, डोळ्याला फरक काही कळेना, पाणसळीला कळतो.

बसवताना दुसरा वाक आडवा आला. बंदूक बाजूला कलणं. उभा वाक आपण विकत घेतो, आडवा फुकट येतो. दुर्बिणीची फुली ओळंब्यात नसेल किंवा धरताना बंदूक पाच अंश डावीकडे झुकली, तर १०० मीटरवर छर्रा दहा-बारा सेंटिमीटर बाजूला आणि शिवाय थोडा खाली. २५ मीटरवर काही कळत नाही, म्हणून माणूस वाऱ्याला शिव्या घालतो. यावर उपाय दुकानात टांगलेलाच होता. पितळी ओळंबा. ५० मीटरवर फळीला दोरी सोडली, पांढरी, खाली ओळंबा, वारा पडेपर्यंत थांबलो. बंदूक पाणसळीत, फुलीची उभी रेघ दोरीवर. मग रिंगांचे स्क्रू ॲलन कीनं आडवेतिडवे, थोडे थोडे. आवळताना दुर्बीण हमखास फिरते, की परत सैल करा, परत बघा. तासभर गेला. पुढं दोरीच्या बुडाशी खूण करून तीवरच नेम ठेवला, बटण पाच-पाच मिनिटांनी चढवत प्रत्येक वेळी तीन छर्रे. भोकं दोरीला धरून वर चढत गेली. २० मिनिटांना ५० मीटरवर २९ सेंटिमीटर यायला हवेत, टेपनं साडेअठ्ठावीस. त्या अर्ध्या सेंटिमीटरवर मी वाद घातला नाही.

आमच्याकडे हे सगळं पहाटे उरकावं लागतं. मार्चनंतर नऊ वाजले की काळ्या रानावरून हवा उकळायला लागते, दुर्बिणीत फळी पाण्यातल्यासारखी हलते. मृगजळ हरणांनाच फसवतं असं नाही. सोयाबीन निघून रान मोकळं असतं तेव्हा मागं विहिरीच्या मुरमाचा पुरुषभर ढीग, पलीकडं कुणी नाही याची खात्री करून मगच बसायचं. छर्रा दिसायला तुरीच्या दाण्याएवढा असला तरी चुकला तर तीनशे मीटरच्या पुढं जातो.

झिरो झाल्यावर क्लिक मोजली. वर १०३, खाली ५७. पेटीच्या झाकणाला आतून चिकटपट्टी लावून लिहून ठेवली.

एका पहाटे अण्णाही आले, मफलर गुंडाळून. मारून झालं, बंदूक पेटीत घालून कुलूप लावलं. दुर्बीण मात्र माउंटसकट काढून बाहेर ठेवली होती. "मला बघू दे," म्हणाले. मी ती दगडावर ठेवून दिली आणि १०० मीटरवरची फळी उतरवायला निघालो.

मागं वळून पाहिलं तर अण्णा दगडापाशी ओणवे झालेले. सपाट दगडावर वाकाचा ठोकळा. दुर्बीण फळीच्या खाली मातीत बघत असणार. त्यांनी खिशातून तंबाखूच्या पुडीचा कागद काढला, घडी घातली, पुढच्या बाजूला सरकवली. परत डोळा लावला. आणखी एक घडी. मी फळी हातात धरून उभा. ऊन नुकतं वर आलेलं.

बराच वेळ ते हलले नाहीत. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि हळूहळू डावीकडे नेला.

मी फळी डावीकडे घेतली.




हात तसाच हवेत होता. अजून जरा.